गुडघा पाच वर्षांचा, नोकरी तीस वर्षांची

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, ‘नोकरीतला असा एखादा अनुभव लिहा, की ज्यातून वाचकाला काही बोध होईल.’ पत्र मी दोन दिवस टेबलावर तसंच ठेवलं. अंबडच्या एका कारखान्यात, पर्सोनेल खात्यात, माझी सगळी नोकरी गेली. अनुभवांना तोटा नाही. पण वाचकाला बोध व्हायचा तर तो आधी मला झालेला असायला हवा. आणि जो प्रसंग लिहावासा वाटतो, त्याच्याबाबत माझ्या डोक्यात आजही नुसता गोंधळ आहे. आमची सौ. म्हणाली, “मग दुसरं काहीतरी लिहा. कँटीनच्या सांबारात झुरळ निघालं होतं, ते लिहा. लोकांना तसलं आवडतं.” झुरळाचं मी गेल्या वर्षीच एका अंकात लिहून बसलोय. तेव्हा यंदा कबड्डी.

पर्सोनेल खातं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला नीट माहीत नसतं. माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत वाटायचं, की जावई कारखान्यात हजेरी घेणारा मास्तर आहे. फारसं चुकीचं नव्हतं ते. माणूस कामावर घ्यायचा, त्याचं कार्ड बनवायचं, त्याच्या रजा, गणवेश, बूट, साबण, कँटीनच्या तक्रारी, कुणाकडे दुःखद घटना घडली तर हार घेऊन जाणं, हे सगळं आमच्याकडे. जे यंत्रावर चढत नाही ते आमच्या टेबलावर यायचं. त्यामुळे कारखान्याचा कबड्डीचा संघसुद्धा माझ्याच टेबलावर आला. मी स्वतः कधी कबड्डी खेळलो नव्हतो. आमच्या कॉलनीत जयंतीला सामने व्हायचे, तेव्हा फक्कीनं रेघा मारायचं काम माझ्याकडे असे. एवढ्या भांडवलावर मी संघाचा व्यवस्थापक झालो.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. आमच्याकडे ट्रॅक्टरचे गिअर बनत. रस्त्यापलीकडे पंपांचा एक कारखाना होता. त्याचं नाव घेत नाही, आम्ही त्यांना ‘पंपवाले’च म्हणायचो. दरवर्षी नाशकातल्या कारखान्यांची कबड्डी स्पर्धा व्हायची आणि दरवर्षी पंपवाले आम्हाला धुऊन काढायचे. हरल्याचं कामगारांना फारसं वाटत नसे. वाटायचं ते आमच्या जनरल मॅनेजरना. त्यांना आम्ही मोठे साहेब म्हणत असू. पंपवाल्यांचा मॅनेजर आणि मोठे साहेब संध्याकाळी एकाच क्लबात बॅडमिंटन खेळत. तिथे त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागत होतं, हे त्यांनाच ठाऊक.

एके दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “शेजवळ, आपल्याकडे चढाई करणारा एक तरी माणूस आहे का?”

“आहेत की साहेब. पण पलीकडे जातात ते तिकडेच राहतात.”

साहेब हसले नाहीत. “स्टोअर्समध्ये एक परमनंट जागा मंजूर झालीय. बाहेरून एक चांगला खेळाडू आणा. काय मागेल ते द्या.”

आता ही परमनंट जागा काय चीज होती, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे दोन जातींचे कामगार होते, परमनंट आणि टेंपररी. काम दोघांचं तेच, घाम तोच. पण कायद्याप्रमाणे सलग दोनशे चाळीस दिवस भरले, की टेंपररी माणूस हक्क सांगायला उभा राहू शकतो, अशी मॅनेजमेंटला धास्ती असे. म्हणून सात महिने झाले की त्याच्या हातात ‘ब्रेक’ची चिठ्ठी द्यायची. दीड-दोन महिने त्यानं घरी बसायचं, मग पुन्हा नव्यानं अर्ज, नवं कार्ड, पहिला दिवस. अशी माणसं चार-चार, सहा-सहा वर्षं नवीन असायची. या ब्रेकच्या चिठ्ठ्या छापील होत्या. नाव आणि तारीख टाइप करून खाली सही करायची, एवढंच काम. ते मी करायचो. आणि कुणी विचारलं असतं तर ‘आमच्या खात्यात अगदी शिस्तीनं काम चालतं’ असं अभिमानानं सांगितलंही असतं.

त्या टेंपररी लोकांत सायखेड्याचा एकनाथ होता. संघाचा डावा कोपरा तो सांभाळायचा. अंगानं बारीक, बोलायला कमी, आणि हात असे की चढाई करणाऱ्याचा घोटा एकदा त्यात सापडला की विषय संपला. अंबड गावात तिघांत एक खोली घेऊन राहायचा. लग्न ठरत नव्हतं, कारण मुलीकडचे पहिला प्रश्न विचारत, ‘परमनंट आहे का?’ त्याला मी स्वतः, माझ्या तोंडानं सांगितलं होतं, “एकनाथ, पुढची जागा निघाली की तुझीच.” तेव्हा ते मी खोटं बोललो नव्हतो. जागा निघाली तेव्हा साहेबांना तसं सांगितलंसुद्धा.

“कोपरा आहे ना तो?” साहेब म्हणाले. “तो आपल्याकडे आहेच. आहे त्याला कशाला द्यायचं? नाही ते आणायला द्यायचं.”

व्यवहाराच्या दृष्टीनं यात चूक काय, ते मला तेव्हा सापडलं नाही. आजही बोट ठेवून सांगता येत नाही.

जागा निघाल्याची बातमी कशी फुटली कोण जाणे, पण माझ्या टेबलासमोर रांग लागली. एक गृहस्थ आपल्या भाच्याला घेऊन आले. म्हणाले, “ह्याचा दम बघा.” भाच्यानं समोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या ‘कबड्डी कबड्डी’ सुरू केलं. मी घड्याळाकडे बघतोय, टायपिस्ट टाइप करायची थांबलीय, आणि हा पठ्ठ्या थांबायला तयार नाही. चहा आला, चहा गार झाला. शेवटी मामांनीच त्याच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा तो थांबला. मी म्हटलं, “दम उत्तम आहे. आता जरा बाहेर पळून दाखव.” मामा गडबडले. “पळायचं तेवढं जमत नाही त्याला. तळवे सपाट आहेत.” दुसरा एक उमेदवार सहा फूट उंच होता. त्याला मी जवळजवळ घेतलाच होता. नंतर कळलं की तो व्हॉलीबॉलचा.

शेवटी सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. नामपूरचा पोपट अहिरे. एका साखर कारखान्याकडून हंगामापुरता खेळायचा. मी एसटीनं सटाण्याला आणि तिथून नामपूरला गेलो. पोपट कांदा मार्केटात गोण्या उचलत होता. गडी साधारण चोविशीचा, उंच, हसरा. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं गोणी खाली ठेवली आणि वडिलांना हाक मारली. वडील मार्केटात हमालच होते. बोलणी त्यांनीच केली.

त्यांनी मागितलं ते ऐकून मी मनातल्या मनात परतीची एसटी पकडली. परमनंट नोकरी, तीही मशीनवर नाही. दोन ग्रेड वरचा पगार. राहायला कंपनीची खोली. सरावासाठी अर्धा दिवस सुट्टी. मी म्हटलं, “बाबा, खेळ फार तर पाच वर्षं चालेल. तेवढ्यासाठी तीस वर्षांची नोकरी म्हणजे जरा जास्तच होतं.”

म्हाताऱ्यानं शेजारच्या ढिगातला एक कांदा उचलून माझ्यापुढे धरला. “साहेब, हाऊ कांदा कितला दिन टिकस?”

“कांदाचाळीत ठेवला तर चार-पाच महिने.”

“मना पोऱ्याना गुडघा बी तसाच शे. पाच वरीस. गुडघा गया मंग त्याले कोन देखी? तुम्ही देखशात?” म्हणजे गुडघा गेल्यावर त्याच्याकडे कोण बघणार, तुम्ही बघाल का? आणि मग जरा सबुरीनं म्हणाला, “पाच वरीसना खेळना पैसा नका देऊ. पुढला पंचवीस वरीसना द्या.”

आम्ही हिशेब मांडत होतो तो खेळाच्या वर्षांचा. म्हातारा मांडत होता तो त्यानंतरचा. दोघांचंही गणित बरोबर आणि उत्तर वेगळं. पोपट मध्येच एवढंच म्हणाला, “माले स्टोअरमाच द्या साहेब. मशीनमा बोट गयं तर चढाई कशी करसू?” मी हो म्हटलं. कांद्याची गोणी त्यांनी भेट म्हणून एसटीच्या टपावर चढवली, ती मी घरापर्यंत आणली. सौ.नं विचारलं, “माणूस आणायला गेला होतात ना?”

पोपट आला आणि कारखान्यात गदारोळ झाला. दामूआप्पा म्हणून आमचे सर्वांत जुने टर्नर होते. ते तडक माझ्याकडे आले. त्यांच्यापेक्षा पोपटचा पगार जास्त होता. “शेजवळसाहेब, लेथवर उभं राहून मी पण कबड्डी कबड्डी म्हणत जाऊ का? ग्रेड वाढंल का?” मी म्हटलं, “आप्पा, कंपनीच्या नावाचा प्रश्न आहे.” आप्पा म्हणाले, “मी बनवतो त्या गिअरवर कुणाचं नाव असतं मग?” मी त्यांना चहा पाजला. आमच्या खात्यात उत्तर नसलं की चहा पाजायची पद्धत होती.

एकनाथ मात्र भांडायला आला नाही. सुटी झाल्यावर गेटपाशी थांबला होता. “साहेब, मंग माझं काय?”

“पुढच्या वेळी नक्की.”

“बरं,” म्हणाला. सायकलवर टांग टाकली आणि सरावाला गेला. तो चिडला असता, दोन शब्द बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

आणि गंमत बघा, पोपटशी त्याचंच सर्वांत जमलं. पोपटकडे नामपूरहून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाची पिशवी यायची. तो स्वतः भाकरी थापायचा आणि दोघं एका ताटात ठेच्याबरोबर खायचे. मैदानावरही तसंच. पोपट पलीकडे जाऊन दोघा-तिघांना बाद करून यायचा आणि समोरचा चिडून चढाईला आला, की एकनाथ त्याचा घोटा धरायचा. पोपट म्हणायचा, “मी गडी बाद करस, एकनाथ दार लावस.” त्या दोघांना खेळताना पाहून मला पहिल्यांदा वाटलं की मोठ्या साहेबांनी केलं ते बरोबर केलं. कामगार शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता सराव बघायला थांबू लागले. दामूआप्पासुद्धा एकदा लांब उभे राहून बघताना दिसले. मी पाहिल्यावर त्यांनी मान फिरवली.

स्पर्धा एरवी जानेवारीत व्हायची. त्या वर्षी मैदानावर कसल्याशा प्रदर्शनाचा मांडव पडला आणि स्पर्धा मार्चमध्ये गेली. आम्ही एकेक सामना जिंकत अंतिम फेरीत पोचलो. समोर पंपवाले. चार दिवस मध्ये होते.

त्या चार दिवसांत मी जे केलं ते जाणूनबुजून केलं असतं, तर निदान त्याचं काहीतरी समर्थन देता आलं असतं. मार्चच्या ब्रेकच्या चिठ्ठ्या काढायची वेळ झाली होती. टाइम ऑफिसकडून यादी आली, एकोणीस नावांची. मी एकीकडे स्पर्धेच्या सरबताचं सांगत होतो, दुसरीकडे चिठ्ठ्या टाइप करत होतो. नाव, तारीख, सही. नाव, तारीख, सही. वर्षानुवर्षं हात बसलेला. एकोणीस चिठ्ठ्या संपवून शिपायाकडे दिल्या आणि जेवायला गेलो.

जेवून आलो तर एकनाथ टेबलासमोर उभा. हातात चिठ्ठी. “साहेब, परवापासून मला ब्रेक हाय. फायनल कशी खेळू?”

मी चिठ्ठी बघितली. खाली माझी सही होती. चांगली वळणदार. स्पर्धेचा नियम असा, की खेळाडू सामन्याच्या दिवशी कारखान्याच्या हजेरीपटावर असला पाहिजे आणि तसा दाखला पर्सोनेलनं द्यायचा. म्हणजे मीच. माझ्याच संघाच्या डाव्या कोपऱ्याला मीच घरी पाठवलं होतं.

पळत मोठ्या साहेबांकडे गेलो. म्हटलं, एकट्याची चिठ्ठी मागे घेऊ. साहेब बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिले. “मागे घेतली तर जिंकल्यावर त्याला पुन्हा चिठ्ठी कोण देणार? त्याचे दिवस भरतील.”

“भरू द्या साहेब.”

“एकाचे भरले तर उरलेले अठरा उद्या युनियनला घेऊन माझ्या दारात बसतील. त्यांना काय सांगू? कबड्डी येत नाही म्हणून?” मग म्हणाले, “आणि पोपटला आणलाय कशाला आपण? एवढं दिलंय त्याला.”

खोटा दाखला देता आला असता. पंपवाल्यांनी हरकत घेतली असती, कदाचित घेतली नसती. मी दाखल्याचा कागद टाइपरायटरला लावलासुद्धा. मग काढला. माझा धीर झाला नाही, एवढंच खरं. एकनाथ बाहेर बाकावर बसून होता. त्याला सांगितलं तेव्हा तो ‘बरं’ही म्हणाला नाही.

अंतिम सामना आम्ही जिंकलो. दोन गुणांनी. पोपट त्या दिवशी जे खेळला ते मी पुन्हा कुणाला खेळताना पाहिलं नाही. शेवटच्या चढाईला तिघांना अंगावर घेऊन त्यानं मध्यरेषेला बोट लावलं आणि मोठे साहेब सूटबुटात मातीत धावले. मीही नाचलो, लपवत नाही. नाचता नाचता दोरीपलीकडे लक्ष गेलं. एकनाथ प्रेक्षकांत उभा होता आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून पंपवाल्यांचा मॅनेजर काहीतरी बोलत होता.

पंधरा दिवसांनी एकनाथ माझ्याकडे आला. संघाची जर्सी धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. “पंपवाल्यांनी परमनंट केलं साहेब. पहिल्याच दिवशी.” मी त्याचा हात हातात घेतला. मला मनापासून आनंद झाला आणि त्याच क्षणी त्याच्याकडे बघवेना. दोन्ही एकदम कसं होतं, ते मला सांगता येत नाही. मेमध्ये त्याचं लग्न झालं. पत्रिका आली होती. आहेर पाठवला, गेलो मात्र नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा पंपवाले. पोपट चढाईला गेला. डाव्या कोपऱ्यात एकनाथ. मी बाकावरून बघत होतो. पोपटनं हूल दिली, परत वळला आणि त्याच वेळी एकनाथनं झेप घेऊन घोटा धरला. नेहमीचीच पकड, शंभरदा सरावात पाहिलेली. पोपट मध्यरेषेकडे झेपावला, पाय मागे अडकला आणि गुडघ्यातून जो आवाज झाला तो माझ्यापर्यंत आला. एकनाथनं लगेच हात सोडले. पोपट मातीत पडून ओरडत होता आणि एकनाथ त्याच्याजवळ उकिडवा बसून नुसता त्याच्या तोंडाकडे बघत होता. पंचांनी पकड नियमात असल्याचं सांगितलं. कप पंपवाल्यांकडे गेला.

पोपटची कबड्डी तिथं संपली. नामपूरच्या बाजारात म्हाताऱ्यानं सांगितलेली पाच वर्षंसुद्धा मिळाली नाहीत. दीडच मिळालं. मोठ्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, “ह्याला आता कमी करता येईल का?” मी म्हटलं, “नाही साहेब, परमनंट आहे.” हे वाक्य मी नोकरीत हजार वेळा बोललो असेन, पण एवढं समाधान कधी मिळालं नाही. कँटीनमध्ये मात्र दोन तट पडले. एकजण म्हणे, एका कपासाठी कंपनीनं जन्माचा पगार गळ्यात घेतला. दुसरा म्हणे, तो कप नसता तर आपल्याला कोण विचारत होतं? मी दोघांचं ऐकायचो आणि दोघांनाही मान डोलवायचो. पोपट लंगडत स्टोअर्समध्ये बसू लागला. आणि हळूहळू काय झालं, तर तो आमचा सर्वांत चोख स्टोअरकीपर झाला. डोळे मिटून बेअरिंग हातात दिलं तर नंबर सांगायचा. म्हणजे ज्याच्यासाठी पैसे मोजले ते बुडालं, आणि ज्याचा कुणी विचारही केला नव्हता ते मिळालं. मग सौदा महाग पडला की स्वस्त? दामूआप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, “पोरगं चांगलं हाय. माझी ग्रेड कुठंय?”

एकनाथबद्दल पोपट कधी वाकडा शब्द बोलला नाही. “पकड बरोबर व्हती साहेब. मना पाय चुकना,” एवढंच म्हणायचा. पण एकनाथ त्याला भेटायला कधी आला नाही. कळण्याच्या भाकरीचं ताट तिथंच थांबलं.

त्या दशकाच्या अखेरीस पंपवाल्यांचा कारखाना बंद पडला. परमनंट, टेंपररी सगळे एका दिवसात सारखे झाले. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी टेंपररी भरतीच्या रांगेत मला एकनाथ दिसला. पस्तिशीला आलेला, कानशिलावर पांढरे केस, दोन मुलांचा बाप. मी त्याला आत बोलावलं आणि कार्ड लिहायला घेतलं. नाव, गाव, वय. पहिला दिवस. मला राहवलं नाही. पेन खाली ठेवून विचारलं, “एकनाथ, एक विचारू? पोपटचा पाय धरलास तेव्हा मुद्दाम ओढलास का रे?”

त्यानं टेबलावरचं अर्धवट कार्ड माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाला, “साहेब, फायनलच्या आधी मला ब्रेकची चिठ्ठी दिली, ती तुम्ही मुद्दाम दिली व्हती का?”

“नाही रे. यादी आली, हात चालत गेला.”

“माझा बी हात चालत गेला साहेब,” एकनाथ म्हणाला.

मला आजतागायत कळलेलं नाही, की त्यानं मला माफ केलं की गुन्हेगार ठरवलं. मी कार्ड पुरं केलं. स्टोअर्समध्ये गणवेश घ्यायला त्याला मीच पाठवलं, पोपटच्या खिडकीवर. थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून बघायला गेलो. पोपट आतून लंगडत बाहेर आला होता आणि दोघं खिडकीखाली पायरीवर बसले होते. मध्ये एकनाथचा नवा गणवेश ठेवला होता.

सात महिने झाले. ब्रेकची यादी आली. योगायोग म्हणा, पुन्हा एकोणीसच नावं होती. मी छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेतला आणि या वेळी प्रत्येक नाव वाचलं. नाव, तारीख, सही. चिठ्ठ्या अठरा निघाल्या. तोवर कारखान्यात नवे साहेब आले होते. त्यांना कबड्डी ठाऊक नव्हती. दोन महिन्यांनी त्यांच्या लक्षात आलं तेव्हा एकनाथचे दिवस कधीच भरले होते. “शेजवळ, ह्या एकाचं कसं काय राहून गेलं?”

“चुकून राहिलं साहेब. नजरेतून सुटलं.”

मला मेमो मिळाला. नोकरीतला पहिला आणि शेवटचा. घरी आणून सौ.ला दाखवला. तिनं वाचला, घडी करून पितळी डब्यात ठेवला आणि म्हणाली, “बरं झालं.” मग जरा वेळानं, भाजी निवडता निवडता म्हणाली, “पण बाकीच्यांना खेळ येत नव्हता म्हणून का हो?”

एकनाथ परमनंट झाला, त्याची मुलं शिकली, मला भेटला की अजून पाया पडतो. मी बरोबर केलं असं त्या वेळी वाटतं. मग सौ.चा प्रश्न आठवतो. त्या दिवशी मी अठरा नावं एकेक करून नीट वाचली होती. त्यांपैकी एकही मला आज आठवत नाही.